परिषदेची मुदत आणि काँक्रीटचे नव्वद दिवस

राखमिश्रित काँक्रीटवरचा शोधनिबंध परिषदेसाठी तयार करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी सर्वप्रथम चाचणीचे ठोकळे कधी ओतले, ती तारीख विचारतो. औष्णिक वीज केंद्रातील राख सिमेंटच्या जलसंयोगातून (पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेतून) सुटणाऱ्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी सावकाश अभिक्रिया करते, त्यामुळे असे काँक्रीट 28 दिवसांच्या ताकदीच्या चाचणीत बहुधा साध्या काँक्रीटच्या मागे पडते आणि 90 दिवसांपर्यंत ती तूट बरीचशी भरून काढते. निबंध पाठवण्याची मुदत मात्र त्याआधीच येऊन ठेपते. अशा वेळी केवळ 28 दिवसांच्या आकड्यांवर निष्कर्ष बेतणे मला अजिबात पटत नाही. पुढच्या परिषदेची वाट पाहावी, हेच माझे स्पष्ट मत आहे.

150 मिलिमीटरच्या तीन घनाकृती ठोकळ्यांच्या ताकदीची सरासरी देताना तिन्ही मूल्ये स्वतंत्रपणे छापावीत, कारण आयएस 456 या काँक्रीटविषयक भारतीय मानकानुसार एकाही घनाचे मूल्य सरासरीपासून 15 टक्क्यांहून अधिक ढळता कामा नये, आणि हे वाचकाला स्वतः पडताळता आले पाहिजे. पाणी-सिमेंट गुणोत्तर काढताना राख सिमेंटमध्ये धरली आहे की नाही, हेही सांगावे. एवढे एक वाक्य गाळले, तरी दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच मिश्रण खात्रीने करता येत नाही. आलेख पानावरील मजकुराच्या स्तंभाच्या रुंदीत छापून पाहावा आणि अक्षावरचे एकक वाचता येत नसेल, तर तो नव्याने काढावा. सारांश सर्वांत शेवटी लिहावा आणि त्यात ‘समाधानकारक वाढ’ असे न म्हणता किती टक्के राख, किती दिवस आणि किती ताकद, ते थेट सांगावे.