‘जात’ या रकान्यात काय लिहू?

गेल्या जुलैत सासवडच्या पुढच्या एका फार्महाउसवरून सकाळी सातला फोन आला. “डॉक्टरसाहेब, कुत्र्याला रेबीजची लस द्यायचीय. आणि कार्ड आजच हवंय.”

लसीची घाई समजू शकतो. कार्डाची एवढी घाई कुणाला नसते.

फाटकाशी एक म्हातारे धनगरबाबा उकिडवे बसले होते. पुढ्यात घोंगडीवर तीन मेंढ्या, तिन्हींचे गळे फाडलेले. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, कोकणातून परतून आठवडाच झाला होता. शेजारच्या पडीक रानात वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळीचं कुंपण, लावली होती, तीत रात्री काहीतरी शिरलं.

आत जाळीच्या पिंजऱ्यात तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फेऱ्या मारत होता. भुंकला नाही. उंच पाय, अरुंद छाती, सरळ खाली सोडलेली शेपूट, पिवळट डोळे. हे वर्णन हस्की आणि जर्मन शेफर्डच्या मिश्र पिल्लालाही लागू पडेल, म्हणून नुसतं बघून मी कुणाची जात ठरवत नाही. जाळीखाली मात्र हातभर खोल उकरलेलं होतं आणि त्यावर घाईघाईनं टाकलेला मुरूम ओला होता.

“जात जर्मन शेफर्ड मिक्स लिहा,” शेठ म्हणाले.

दीड वर्षापूर्वी एका लग्नाच्या पंगतीत याच शेठनी मला मोबाईलवर पिल्लाचा फोटो दाखवला होता. दोन लाखांना घेतलेलं. खाली दलालाचा मेसेज : ‘75 टक्के वुल्फ’. पुढे 2025 मध्ये बंगळूरुच्या 50 कोटींच्या वुल्फडॉगची बातमी गाजली, ईडीनं चौकशी केल्यावर तो दावा पोकळ निघाला. मला मनातून वाटत होतं, आपल्या शेठनाही दलालानं असंच फसवलेलं असू दे. फसले असतील तर सुटले.

“पिल्लाचे कागद?”

“कागद कसले? बारामतीकडून आणलं.”

परदेशात चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉग ही रीतसर मान्यता असलेली जात आहे. जर्मन शेफर्ड आणि कार्पेथियन लांडगा यांचा संकर 1955 पासून करून ती घडवली. पण बारामतीकडे कार्पेथियन लांडगे नाहीत. तिथे सुप्याच्या माळावर आहेत ते आपले, आणि ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत. यात खरंच लांडगा असेल तर तो कुणी, कुठून पकडला हा प्रश्न पहिला. कायद्याच्या भाषेत पकडणं म्हणजेही शिकार. शिक्षा 3 ते 7 वर्षं, वर किमान 25 हजार दंड. असा प्राणी हाती आला तर 48 तासांत कळवायचं असतं. इथे दीड वर्ष होऊन गेलेलं.

“पण ती बंदी कोर्टानं उडवली ना?” शेठनी थोडंफार वाचलं होतं.

उडवली होती ती वेगळी. मार्च 2024 मध्ये केंद्रानं 23 जातींवर बंदीचं पत्रक काढलं, त्यात वुल्फडॉगही होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. ते कुत्र्यांचं झालं. लांडग्याचा कायदा 1972चा आहे, तो जिथल्या तिथे आहे.

तेवढ्यात वॉचमन पाणी घेऊन आला. मनगटाला फडकं. “नख लागलं” म्हणाला. फडकं सोडलं तर दातांच्या दोन खुणा. शेठ म्हणाले, दहा दिवस जनावरावर लक्ष ठेवू, काही झालं नाही तर झालं. तो दहा दिवसांचा हिशेब कुत्र्या-मांजरांपुरता आहे. लसही कुत्र्यांवर तपासलेली, संकरात ती किती धरते याची हमी मी देऊ शकत नाही. सगळी बोलणी तिथेच थांबवून त्याला आधी माझ्या गाडीतून ग्रामीण रुग्णालयात पोचवलं. लस आणि सीरम, दोन्ही.

परत आलो तेव्हा बाबा पिंजऱ्याजवळ उभे होते.

“डाक्टर, ह्ये लांडगं न्हाई.”

“कशावरून?”

“लांडगं मानसाला बघून मागं सरतं. रातच्याला म्या काठी घिऊन म्होरं गेलो तर ह्ये हुबंच. आन् निसतं कुत्रंबी न्हाई. आमची तीन कुत्री हाईत, एक म्होरं झालं न्हाई.”

पुण्याच्या आसपासच्या माळांवर लांडगा आणि भटक्या कुत्र्यांचा संकर होतोय हे 2023 साली जनुकीय तपासणीनं सिद्ध झालं. त्या शोधनिबंधाची चार पानं मी वाचली आहेत. बाबांच्या त्या दोन वाक्यांइतकं मला त्यातून उमगलं नव्हतं.

मी वनखात्याला फोन लावला. शेठ माझ्याशी बोलायचे थांबले. दुपारी वनपाल आले, पिंजरा सील झाला, केसांचा आणि लाळेचा नमुना घेतला. मग मेंढ्यांचा पंचनामा. ‘हल्ला करणारा वन्यप्राणी’ या रकान्यावर वनपालांचं पेन थांबलं.

“काय लिहू, डॉक्टर?”

लांडगा लिहिलं तर सरकारची भरपाई बाबांना आणि खटला शेठवर. कुत्रा लिहिलं तर सरकारी भरपाई नाही, पैसे शेठच्या खिशातून. सकाळी कुत्रा म्हणा म्हणून मागे लागलेले शेठ आता गप्प होते. माझ्या बॅगेतल्या कार्डावरही तोच रकाना कोरा होता.

“श्वानवर्गीय प्राणी, अहवाल प्रलंबित,” मी म्हणालो. तसं लिहिलं गेलं.

“म्हंजी पैसं कोन देनार?” बाबांनी विचारलं.

वनपाल माझ्याकडे बघायला लागले, मी शेठकडे. शेवटी शेठनी पाकीट काढलं. तीन मेंढ्यांचा भाव ठरत आला आणि बाबांनी मधल्या मेंढीच्या पोटावर हात ठेवला.

“ही गाभन हुती. चार धरा.”