ओठ बधिर, दाढ जागी

इंटर्नशिप संपताना आमच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. अमुक काम एकटीने करायला तुम्ही किती तयार आहात, आणि पुढे १ ते ५ आकडे. दाढेच्या रूट कॅनालपुढे मी ३ लिहिले, हाड कापून रुतलेली दाढ काढण्यापुढे २, तारा लावण्यापुढे १. 'खालच्या जबड्याला भूल देणे' या ओळीपुढे मात्र क्षणभरही न थांबता ५. तेव्हा मला ते मनापासून खरं वाटलं होतं.

नोकरीचा नववा दिवस होता. साठीच्या एक बाई आल्या. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ. गार पाणी लागलं की कळ उठायची आणि पाणी गिळल्यावरही मिनिटभर जायची नाही. एक्स-रेत कीड नसेपर्यंत पोचलेली. रूट कॅनाल करायचं हे उघड होतं.

ब्लॉक दिला, म्हणजे खालच्या जबड्याची ती अख्खी बाजू बधिर करणारी भूल. सुई हाडाला टेकली, मागे ओढून पाहिलं, रक्त नव्हतं, औषध सावकाश सोडलं. दहा मिनिटांनी ओठ जड, हनुवटी जड, जिभेची ती बाजू बधिर. एअरोटर, म्हणजे दाताचं ड्रिल, लावला. इनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, गेलं तोवर बाई शांत होत्या. त्याखालच्या थराला, डेंटिनला, टेकले आणि त्यांचं अख्खं अंग ताठ झालं.

मी भुलेच्या औषधाची दुसरी कार्ट्रिज दिली. पुन्हा थांबले. पुन्हा तेच. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि त्या म्हणाल्या, "थांबू नकोस बाळा, मी सोसते."

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. सोसायला लागू नये म्हणूनच तर मी तिथे होते.

कॉलेजात अशा वेळी मागे वळलं की मॅडम असायच्या. आता मागे भिंत होती. शेजारच्या खोलीत सर स्वतःचा पेशंट बघत होते आणि त्यांना बोलवायला जाताना माझे पाय जड झाले. नवव्या दिवशी 'मला भूल देता येत नाही' असं सांगायचं? बाईंचं तोंड तसंच उघडं ठेवून मी नक्की किती वेळ उभी राहिले, हे मोजायचं धाडस मला आजही होत नाही. शेवटी गेले.

सर आले, बाईंना नमस्कार केला आणि मला विचारलं, "भूल लागली हे कशावरून ठरवलंस?"

"ओठ बधिर आहे, सर."

"ओठ ओठाचं सांगतो. दाढेला विचारलंस का?"

त्यांनी कापसाच्या छोट्या बोळ्यावर थंड स्प्रे मारून तो दाढेला टेकवला. बाई दचकल्या. सुजलेली नस जराशा स्पर्शानेही पेटते. ब्लॉक अगदी बरोबर बसला तरी नेहमीच्या मात्रेत ती शांत होईलच असं नाही. हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. मग सरांनी गालाच्या बाजूने हिरडीत आर्टिकेन हे भुलेचं औषध दिलं, दाढेच्या कडेने, दाढ हाडाला धरून ठेवणाऱ्या अस्थिबंधात थोडं सोडलं, पाच मिनिटं थांबले आणि तोच बोळा पुन्हा लावला. काहीच नाही. पुढचं काम त्यांनी माझ्याच हाती दिलं. नस उघडली तेव्हा बाईंची खुर्चीच्या हातावरची बोटं सैल होती.

त्या रात्री मी माझ्या त्या ५ चा हिशोब मांडला. ब्लॉक आम्ही आधी एकमेकींवर शिकलो. वर्गमैत्रिणीचा जबडा निरोगी, नस शांत, तिच्या दाढेला कुणी ड्रिल लावणार नव्हतं. ओठ बधिर झाला की धडा पूर्ण. फँटम हेडवर, म्हणजे सरावासाठीच्या नकली डोक्यावर, कित्येक पोकळ्या कोरल्या. त्याला लाळ नाही, जीभ नाही, दोन रात्रींचं जागरण नाही. पुढे खरे पेशंट आले, पण त्यातली बहुतेक ब्लॉक सहज लागेल अशी साधी कामं. लॉगबुकात ब्लॉक दिल्याची सही मिळायची. तो दाढेपर्यंत पोचला की नाही, यासाठी रकाना नव्हता. मी पन्नासेक सह्यांच्या जोरावर ५ लिहिले होते. रूट कॅनालपुढचे ३ त्या मानाने प्रामाणिक होते, कारण तिथे आपल्याला काय येत नाही हे तरी ठाऊक होतं.

मला वाटतं, शिकवताना एक ब्लॉक मुद्दाम न लागलेला दाखवायला हवा. आणि 'सर, जरा येता का' हे म्हणायचा सरावसुद्धा करून घ्यायला हवा, इतर कुठल्याही कामासारखा, सहीसकट.

त्याच रात्री वर्गमैत्रिणीला फोन केला. तिनेही त्या ओळीपुढे ५ लिहिल्याचं मला माहीत होतं. सगळं सांगून विचारलं, "तुझा कधी असा फसला?"

ती थोडा वेळ गप्प होती.

"तीनदा," ती म्हणाली. "मी कुणाला बोललेच नाही."