काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे

फोन उचलताच पलीकडून आवाज आला, "तुमच्या डीव्हीडीत गाणं चढलंय."

"काका, टीव्हीचा आवाज जरा कमी करून बघा."

"अहो, आवाज नाही. सूर!"

2005 सालची गोष्ट. अंधेरीतल्या एका छोट्या स्टुडिओत मी जुन्या मराठी सिनेमांच्या डीव्हीडींचं क्यूसी, म्हणजे दर्जाची तपासणी, करायचो. या सिनेमाची चेक डिस्क, म्हणजे छपाईआधीची नमुना डिस्क, मीच पास केली होती. लेव्हल ठीक, लिप-सिंक चोख, खरखर काढलेली. निर्मात्याने ती कौतुकाने काकांना दिली, कारण त्या गाण्यात पेटी काकांनीच वाजवली होती.

संध्याकाळी डिस्क घेऊन गिरगावात त्यांच्या चाळीत गेलो. काकांनी पेटी पुढे ओढली. "आम्ही काळी एकमध्ये वाजवलं होतं. लाव." गाणं सुरू झालं. त्यांनी काळी एक दाबली, तर गाणं वर. तिच्या शेजारची पांढरी दोन दाबली, तर खाली. दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी ते लोंबकळत होतं, आणि मी ते दहा वेळा ऐकूनही पास केलं होतं!

कारण उमगायला वेळ लागला नाही. सिनेमा चालतो सेकंदाला 24 फ्रेम्सने आणि आपली तेव्हाची पाल टीव्ही पद्धत 25ने. त्यावर सरळ रस्ता एकच: सगळंच चार टक्के पळवायचं. 140 मिनिटांचा सिनेमा साधारण साडेपाच मिनिटं लवकर संपतो आणि सूर 70 सेंट चढतो. शेजारच्या दोन पट्ट्यांमधला पूर्ण अर्धा स्वर म्हणजे 100 सेंट, म्हणून तो कुठल्याच पट्टीवर बसेना. चित्र आणि आवाज बरोबरीने पळतात, त्यामुळे ओठ जुळलेले दिसतात आणि क्यूसीवाला फसतो. नायकाचा आवाज थोडा किरटा वाटला होता, पण मी तो रेकॉर्डिंगच्या वयावर ढकलला.

निर्माता कुरकुरला, पण छपाई थांबवली. आम्ही लांबी तीच ठेवून सूर तेवढा 70 सेंट खाली आणला. तानांच्या शेवटी किंचित थरथर येत होती, त्या जागा हाताने नीट करण्यात रात्र गेली.

दुसरी डिस्क काकांनी डोळे मिटून ऐकली. काळी एक दाबली. जुळली. मी सुस्कारा सोडला. त्यांचा डावा हात मात्र मांडीवर ताल धरून होता.

"सूर आला," ते म्हणाले, "पण इतकी घाई नव्हती रे आम्हाला."

ती घाई छापील डिस्कमध्ये तशीच राहिली.