सागरेश्वरात हरणांचा माग काढताना

गेल्या रविवारी पहाटेच सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्यात गेलो, सोबत गावातले एक आण्णा होते, त्यांना जंगलाची नजर आहे आणि मी अगदीच नवखा. शिकार वगैरे डोक्यात नव्हतंच, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे आणि ते बरंच झालं. फक्त माग काढायला शिकायचं होतं.

पाणवठ्याजवळच्या ओल्या मातीत आण्णा खाली बसले, म्हणाले, "हे बघ, खुराच्या दोन पाकळ्या, टोकं पुढं, म्हंजे जनावर इकडनं तिकडं गेलंय." कडा अजून धारदार होत्या, म्हणजे ठसा ताजा, उन्हानं वाळला की कडा ढासळायला लागतात. सांबराचा खूर मोठा, चितळाचा त्याहून लहान आणि टोकदार. पुढं लेंड्या दिसल्या, काळ्या, चकचकीत, अजून ओलसर. एका झाडाची साल कमरेएवढ्या उंचीवर सोललेली, तिथं नरानं शिंगं घासलेली म्हणे, मी बोट लावलं तर चीक चिकटला!

वाऱ्याचं मात्र माझं चुकलं. वारा पाठीवर घेऊन चाललो, म्हणजे माझा वास माझ्या आधीच पुढं पोचला, आणि झुडपातनं "ढांक" असा सांबराचा आवाज आला, मग नुसता पाचोळा वाजला. दिसलं काहीच नाही.

हा डोंगर कधीकाळी उघडा बोडका होता, धों. म. मोहित्यांनी ध्यास घेऊन त्याचं जंगल केलं, हे आठवलं की त्या एका ठशाचंसुद्धा लई कौतुक वाटतं. पुढच्या वेळी वारा तोंडावर घेऊनच जाणार.