माझूचा कौल

सिंगापुरात सहा वर्षं झाली, पण ऑफिसजवळच्या थिआन हॉक केंग देवळात आज पहिल्यांदा शिरले. तेही पाऊस आला म्हणून!

देऊळ माझूचं, दर्यावर्दींच्या देवीचं. चीनमधल्या फुजियान प्रांतातून जहाजानं आलेले लोक जिवंत पोचलो म्हणून उतरल्याबरोबर इथे पाया पडायचे. आधी साधी घुमटी होती; सध्याचं देऊळ १८३९ ते १८४२ मधलं. तेव्हा समुद्र दारातच होता. पुढे भराव घातले, आता देवीसमोर नुसते टॉवर.

एक आजी गुडघे टेकून दोन लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकत होत्या. एक सपाट बाजूनं आणि एक फुगीर बाजूनं वर पडली की देवीचा होकार. दोन्ही सपाट बाजूनं वर पडल्या तर देवी हसली म्हणायचं, म्हणजे प्रश्न नीट विचारा! अहो, हा तर आपला कौल. आमच्या गावी गुरव देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावतो आणि उजवी पडेपर्यंत सगळं घर श्वास रोखून उभं.

आजींना तिसऱ्या खेपेला होकार मिळाला. उठता उठता माझ्याकडे बघून हसल्या, एक संत्रं हातावर ठेवलं. भाषेचा प्रश्नच आला नाही.

मी काही विचारलं नाही देवीला. दोनची मीटिंग होती.