जुनापाणीचे गोल आणि आमची सातवी

आमच्या नागपूरच्या शाळेत सहल म्हटलं की ठरलेलंच असतं, रामन विज्ञान केंद्र, अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, लईच झालं तर रामटेक. ह्या वर्षी मी हट्ट धरला की सातवीला जुनापाणीला, तिथले जुने दगडी गोल बघायला न्यायचं, आणि तेही गणितातला वर्तुळाचा धडा शिकवायच्या आधी. धडा झाल्यावर नेलं की पोट्टे फक्त फोटो काढतात, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

डिसेंबरातली थंडी, सकाळी सातला काटोल रोडला लागलो, गोरेवाडा मागे पडला, रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागले होते. नागपूरपासून दहा-बारा किलोमीटर फक्त, आणि बसमधल्या बेचाळीस जणांपैकी एकानंही ही जागा पाहिलेली नव्हती, दोन जणांची घरं तर काटोल रोडवरच आहेत!

उतरल्यावर पहिल्यांदा काही दिसतच नाही. वाळलेलं गवत, काळे दगड, बस. मग एक गोल दिसतो आणि एकदा तो दिसला की सगळीकडे गोलच गोल दिसायला लागतात, जवळपास तीनशे शिलावर्तुळं आहेत इथं. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगातल्या माणसांची ही दफनं. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत, बोट ठेवलं की बरोबर आत बसतं. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं इथल्या उत्खननाची माहिती छापून आणली. जवळच्याच माहूरझरीला १९७० ते ७२ मध्ये पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांनी खोदकाम केलं तेव्हा घोड्यांचे अवशेष आणि त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे साज मिळाले. घोड्याचं ऐकल्यावर मागे गप्पा मारणारी सगळी पोरं पुढे आली.

आता काम असं दिलं होतं की एका गोलाचा व्यास काढा. पण केंद्र कुठंय? मधोमध नुसता गोट्यांचा थोडा उंचवटा, खूण काहीच नाही. दहा मिनिटं नुसता गोंधळ. मग एक मुलगी म्हणाली, मॅडम, तीन दगड घेतले तर त्रिकोण होईल ना, जूनमध्ये लंबदुभाजक शिकलो होतो तसं करू काय? मी काहीच बोलले नाही. त्यांनी दोरी दुमडून मध्य काढला, दोन टोकांवर दोन पोरं उभी राहिली, सारख्या लांबीच्या दोऱ्या ताणून जिथं भेटल्या तिथून सरळ रेष धरली, दुसऱ्या बाजूला परत तेच. दोन्ही दोऱ्या एकमेकींना छेदून केंद्र सापडलं ना तेव्हा जे ओरडले आहेत सगळे!

परीघ ३७.६ मीटर, व्यास ११.९. भागाकार ३.१६, नीट गोल असला की तो ३.१४ च्या जवळपास येतो. दुसऱ्या गटाचा आला ३.०२ आणि त्यांची तोंडं उतरली, वाटलं चुकलं आपलं. परत मोजलं तरी तेच. मग त्यांनीच गोलाभोवती हळूहळू फिरून पाहिलं तर तीन-चार दगड आत सरकलेले. एवढ्या वर्षांत पाऊस-पाणी, गुरं, कशानंही सरकले असतील. हे त्यांनी वहीत स्वतःच्या भाषेत लिहिलं, मी एक शब्दही बदलला नाही.

दुसरी चक्कर पुढच्या शनिवारी, सेवेसाठी, म्हणजे कचरा उचलायला. चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, नऊ पोती भरली. तेवढ्यात दोन पोट्टे एक सरकलेला दगड जोर लावून ढकलायला लागले, गोल नीट करून देतो म्हणे, मनापासून करून राहिले होते बिचारे. मी धावत गेले. त्यांना जवळ बसवून सांगितलं की बेटा, हा दगड जिथं पडलाय ना, ते सुद्धा पुरावा आहे, तो हलवला की पुढं कोणाला कळणारच नाही काय झालं होतं, आणि म्हणून तर संरक्षित जागेत काही हलवायचं नसतं. त्यातला एक बराच वेळ गप्प होता, मग त्यानं विचारलं, "म्हणजे मॅडम, इथं काहीच न करणं पण सेवा आहे काय?" मी हो म्हटलं. मलाही हे इतकं सरळ कधी सुचलं नव्हतं.

पोरांनी पंधरा गोलांचा नकाशा काढला होता, मापांसकट. तो जवळच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेला भेट द्यायला गेलो. भिंतीवर लावला, सगळे भोवती जमले आणि तिथली सहावीतली एक मुलगी पुढं आली, बराच वेळ बघत राहिली, म्हणाली नाला इकडून नाही जात, अन् ह्या बाजूला अजून दोन गोल हायेत, म्या बकऱ्या नेतो तिकडं. आमच्या पोरानं खिशातून खोडरबर काढलं अन् पेन्सिल तिच्या हातात दिली.