पुरातल्या नोटा आणि दोन पदर सुटलेली पाचशेची

बँकेत कॅशला बसणाऱ्या माणसाला लग्नाकार्यात एक प्रश्न हमखास येतो, नकली नोट तुम्ही लोक ओळखता कशी हो? मी पूर्वी सरळ सांगायचे, मशीन असतं आमच्याकडे, त्यात टाकली की कळतं. २०२१ च्या जुलैनंतर हे उत्तर द्यायचं मी बंद केलं. कारण तेव्हा मी चिपळूणला होते आणि काउंटरवर चिखलाने बरबटलेल्या नोटांचा ढीग पडलेला असताना ना मशीन चालू होतं ना साधी ट्यूबलाईट.

२२ जुलैचा तो पूर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला असेल. वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही एकदम बाजारपेठेत घुसल्या, दुकानंच्या दुकानं पाण्याखाली. एसटी डेपोतले साहेब डेपोची रोकड घेऊन गाडीच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले होते ते आठवतंय का? पण बाजारातल्या बाकी लोकांना रोकड उचलायला वेळच मिळाला नाही, पहाटे झोपेतून उठून जीव घेऊन माडीवर पळायचं की गल्ला उघडायचा? आमची शाखा जरा चढावर, पाणी पायऱ्यांपर्यंत आलं आणि थांबलं. त्यामुळे आजूबाजूच्या बऱ्याच बँका चिखल उपसत असताना आमचं काउंटर कसंबसं उघडलं आणि लोक पिशव्या, डबे, बादल्या घेऊन यायला लागले. लाईट नव्हती, जनरेटरला डिझेल मिळेना, त्यामुळे नोटा मोजायचं मशीन, सॉर्टिंगचं मशीन, नोट तपासायचा निळा यूव्ही लॅम्प सगळं बंद. आम्ही टेबल ओढून दाराजवळच्या उजेडात आणलं. करोनामुळे मास्क तोंडावर होताच, त्या वासात तो पहिल्यांदा खरा उपयोगी पडला.

आमचे हेड कॅशियर, त्यांना सगळी शाखा भाऊच म्हणते, २००५ च्या पुरातही इथेच होते. त्यांनी पहिल्याच दिवशी दारावर हाताने लिहून कागद चिकटवला, "नोटांना इस्त्री करू नका." मला कळेना हे काय. दुपारी एक बाई कडक इस्त्री करून आणलेल्या नोटा घेऊन आल्या तेव्हा कळलं. नोट स्वच्छ, कोरडी, अगदी परीटघडीची, पण मधला चमकता धागा आक्रसून वेडावाकडा झालेला. नोटेचा कागद कापसाचा असतो, त्याला इस्त्री चालते, पण धागा प्लास्टिकचा, तो जरा तापला की गोळा होतो. खरी नोट, आणि धागाच असा दिसतोय म्हटल्यावर कुठलाही दुकानदार ती नकली म्हणून परत करणार. आम्ही घेतल्या त्यांच्या, पण प्रत्येक नोट उलटसुलट करून बघताना जीव नकोसा झाला.

तर ज्या दिवसाबद्दल लिहायचंय त्या दिवशी एक किराणावाले काका आले. त्यांचं दुकान तीन पिढ्यांचं, अगदी बाजारपेठेत. बरोबर भाचा, आणि भाच्याच्या हातात तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा, वरून कापलेला. त्यात गल्ला, कपाटातली रोकड आणि लक्ष्मीपूजनाची पेटी असं सगळं एकत्र ओतून आणलेलं. काका म्हणाले, "ताई, तांदूळ गेला, साखर गेली, फ्रीज तर शेजाऱ्याच्या जिन्यात सापडला. एवढं तरी बघा काय होतंय ते."

भाऊंनी दोन घमेली मागवली, एकात साधं पाणी, एक रिकामं. चिखल वाळू द्यायचा नाही हे त्यांचं पहिलं सूत्र. ओल्या आहेत तोवर नोटा सुटतात, वाळल्या की पॅकेटचा ठोकळा होतो आणि मग ओढाओढीत फाटतात. पाण्यात बुडवून कडेने अंगठा घालायचा आणि अळूवडीसाठी पानं सुटी करतो तशी एकेक अलगद सोडवायची. सुरुवातीला मी फार जपून करत होते, भाऊ म्हणाले अगं घाबरू नकोस, ही काय वर्तमानपत्राची रद्दी नाही. आणि खरंच, आठवडाभर चिखलात पडलेल्या नोटा पाण्यातून निघाल्यावर हाताला तशाच चिवट लागत होत्या.

आता गंमत बघा. धुतल्यावर नोटेवरचा चिखल सपाट भागावरून निघून जायचा पण काही ठिकाणी बारीक रेघांमध्ये अडकून बसायचा. गांधीजींच्या खांद्याच्या आणि कानाजवळच्या रेघा, अशोकस्तंभ, आणि दोन्ही कडांना ज्या तिरप्या रेघा असतात त्या. म्हणजे जिथे जिथे शाई उठावाने छापलेली आहे नेमकं तिथेच. त्या तिरप्या रेघा दृष्टिहीनांसाठी असतात, पाचशेला पाच, दोनशेला आणि शंभरला चार, बोट फिरवलं की मोजता येतात. एरवी नवीन करकरीत नोटेवर मला त्या मुद्दाम शोधाव्या लागायच्या. चिखलाने त्या अशा काही उठून दिसायला लागल्या की ट्रेनिंगमध्ये स्लाईड दाखवून कोणी समजावलं नव्हतं इतकं त्या एका दुपारी समजलं.

मग एक पद्धत बसली. भाऊ सोडवणार, मी दाराकडे धरून बघणार. उजेडाला धरली की पांढऱ्या भागात गांधीजींची सावली आणि बाजूला ५०० चा आकडा दिसला पाहिजे. थोडी तिरकी केली की धागा हिरव्याचा निळा झाला पाहिजे, खाली उजवीकडे रुपयाच्या चिन्हासकट ५०० लिहिलेलं असतं त्याचाही रंग तसाच बदलतो. नंबराचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे मोठे होत गेले पाहिजेत. आणि शेवटी बोट. अर्ध्या तासात हात इतका बसला की डोळ्यांच्या आधी बोटच सांगायचं.

आणि त्यातच ती आली.

पाचशेचीच, इतरांसारखीच चिखलाची. भाऊंनी कडेला अंगठा घातला आणि नोट सुटली, पण शेजारच्या नोटेपासून नाही, स्वतःपासूनच. पुढची बाजू एका हातात, मागचा लाल किल्ला दुसऱ्या हातात, आणि मध्ये चकचकीत कागदाची एक पट्टी लोंबतेय. आम्ही दोघं बघतच राहिलो. दोन पातळ कागद, मध्ये पट्टी घालून डिंकाने का कशाने चिकटवलेले, आणि डिंक पाण्यात विरघळला. गांधीजींचा चेहरा फिकट होऊन कडेने शाई पसरलेली. बोट फिरवलं तर सगळं गुळगुळीत. खऱ्या नोटांची शाई एवढ्या चिखलपाण्यात तसूभर हलली नव्हती.

काकांचा चेहरा बघवेना. म्हणाले, "अहो पण मी प्रत्येक पाचशेची निळ्या लाईटखाली धरूनच घेतो, दुकानात मशीन आहे आमच्या." असेल. त्या लाईटखाली साधा छपाईचा कागद पांढराशुभ्र चमकतो आणि नोटेचा कागद चमकत नाही, एवढंच बघतो आपण त्या छोट्या मशीनवर. न चमकणारा कागद कोणी वापरला तर ते काय सांगणार?

आता इथे बँकेच्या माणसाची खरी पंचाईत. नकली नोट काउंटरवर आली की ती परत देता येत नाही, फाडता येत नाही, पैसेही देता येत नाहीत. गिऱ्हाईकासमोर त्यावर ५ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटरचा 'काउंटरफिट नोट' असा शिक्का मारायचा, रजिस्टरला नोंद आणि पोचपावती द्यायची, सही करायला माणूस नाही म्हणाला तरी पावती द्यायचीच. एका व्यवहारात चारपर्यंत सापडल्या तर महिन्याच्या एकत्र रिपोर्टमध्ये पोलिसांना कळवतात, पाच किंवा जास्त असतील तर लगेच एफआयआर. हे नियम मला तोंडपाठ आहेत आणि ते का आहेत हेही कळतं, परत दिली तर ती संध्याकाळी दुसऱ्याच्या गल्ल्यात जाणार. पण ज्याचं दुकान पाण्यात गेलंय त्या माणसाच्या नोटेवर, तीही दोन तुकड्यांत सुटलेल्या, शिक्का मारायचा म्हणजे हात अडतो. भाऊंनीच मारला. दोन्ही पदरांवर.

भाचा तापला. "आमचं सगळं गेलं आणि तुम्ही वर आमच्यावरच केस करताय?" त्याला समजावलं की केस नाही, ही पावती म्हणजे तुम्ही प्रामाणिकपणे आणून दिलीत याची नोंद आहे, माहीत असून चालवली तर गुन्हा. काकाच त्याला म्हणाले गप रे, आणि सही केली. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं पाचवी निघू देऊ नकोस. दुसरीसुद्धा निघाली नाही.

फाटक्या नोटांचं वेगळं गणित. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सलग एक तुकडा ८० टक्क्यांपेक्षा मोठा असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० मध्ये असेल तर अर्धे, त्याखाली काही नाही. वीस आणि त्याखालच्यांना अर्ध्यापेक्षा जास्त असेल तर पूर्ण, नाहीतर शून्य. नवी पाचशेची नोट ९९ चौरस सेंटिमीटरची, म्हणजे ८० भरले तर पाचशे, ४० भरले तर अडीचशे. आम्ही चौकटी आखलेला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा वर ठेवून मोजत होतो. बरं हे नव्या नोटांचं मापही २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आलं, त्याआधी नोटाबंदीनंतरच्या छोट्या आकाराच्या नोटा नियमात बसतच नव्हत्या आणि फाटकी दोन हजाराची किंवा दोनशेची घेऊन येणाऱ्याला आम्ही हात जोडायचो. नोट आधी आणि नियम नंतर, असा आपला कारभार.

डब्याच्या तळाशी पूजेची पेटी होती. ती उघडली आणि वेळेचं भानच राहिलं नाही खरं सांगायचं तर. काकांच्या वडिलांपासूनची पद्धत, दर लक्ष्मीपूजनाला एक कोरी नोट पेटीत ठेवायची ती पुन्हा काढायची नाही. एक रुपयाची, मागे बॉम्बे हायचं, समुद्रात तेलविहीर खोदणारं सागर सम्राट. ही नोट रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते, सही अर्थसचिवांची आणि "मैं धारक को" वगैरे वचनही नाही. दोन रुपयांची, मागे आर्यभट्ट उपग्रह. पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली. समोर गांधीजी नाहीत, अशोकस्तंभ आहे, कारण १९९६ ची मालिका येईपर्यंत बहुतेक नोटांवर तोच होता, गांधीजी १९८७ च्या पाचशेवर आले होते तेवढेच, आणि १९६९ ला जन्मशताब्दीच्या नोटांवर. मग निळीहिरवी शंभराची, कांचनगंगावाली. आणि सगळ्यात वर नव्या विसाच्या नोटा, मागे आपलं वेरूळ. यातल्या बऱ्याच जुन्या नोटा नाशिकला छापलेल्या असणार. १९२८ ला नाशिकचा छापखाना सुरू होईपर्यंत आपल्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या हे मी काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बोटीने? मग त्यापण भिजत असतील."

हळदीकुंकवाचे डाग मात्र एकावरूनही निघाले नाहीत. चिखल गेला, हळद तशीच.

पेटीत जुनी हजाराची एक निघाली, २०१६ मध्ये रद्द झालेली. काका घाबरले, आता हीपण जप्त करणार का? नाही, दहापर्यंत ठेवलेल्या चालतात, कायद्यातच आहे तसं, फक्त पैसे मिळणार नाहीत. त्यांना नकोच होते. पेटीतली एकही नोट त्यांनी जमा केली नाही, वाळवून परत द्या एवढंच म्हणाले. आम्ही त्या जुन्या व्हाउचरांच्या पाठकोऱ्या कागदात घालून दिल्या.

दोन पॅकेटं मात्र सुटलीच नाहीत. कपाटाच्या कोपऱ्यात वाळून घट्ट झालेली, पाण्यात घातली तरी कडेचे तुकडे पडायला लागले. भाऊंनी लगेच हात काढून घेतला. अशा न सुटणाऱ्या किंवा जळून कोळसा झालेल्या नोटा शाखेने घ्यायच्याच नसतात, त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसला न्यायच्या, आपल्याकडे बेलापूरला. आहेत तशा न्या, सोडवायला जाऊ नका, असं भाच्याला चारचारदा बजावलं. रस्ते सुरू झाल्यावर तो घेऊन गेला, नंतर बऱ्याचशा नोटांचे पैसे खात्यात आले.

काका दिवाळीच्या सुमाराला पुन्हा आले, भरणा करायला, दुकान सुरू झालं होतं. म्हणाले, "आता मी काउंटरला पाण्याची बादलीच ठेवणार, पाचशेची आली की गिऱ्हाईकासमोर बुडवायची." मी म्हटलं काका एवढं कशाला, नुसती तिरकी करून धाग्याचा रंग बदलतो का बघा. तर म्हणाले, "ते खरं ओ ताई, पण चष्मा गेला ना वाशिष्ठीत, नवा अजून केलाय कुठे."